रॉकेलचा डबा, डिझेलचा ड्रम आणि गोड्या पाण्याची विहीर

हा भाग ज्यांनी बसमध्ये, शेतात किंवा भांडी घासता घासता ऐकला, त्यांच्यापैकी बऱ्याच जणांनी तो लिहून मागितला. म्हणून हा मजकूर. बोलताना सुटलेल्या दोन-तीन गोष्टी यात घातल्या आहेत, बाकी सगळं तसंच.

सुरुवात करू या एका डब्यापासून. घाटाखालच्या आमच्या जुन्या घरात पाणी भरायचा एक चौकोनी पत्र्याचा डबा होता. वरचं झाकण कापून काढलेलं आणि तोंडावर धरायला आडवी लाकडी दांडी ठोकलेली. तो मुळात रॉकेलचा डबा. नवा डबा घरात आला की आजी तो राखेनं घासायची, उन्हात वाळवायची, पुन्हा घासायची. आणि तरीही पाणी भरायच्या आधी एक वाक्य ठरलेलं असायचं: "आधी हुंगून पाह्य, मंग पानी भर."

तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. आज वाटतं. कारण तेल आणि पिण्याचं पाणी एकमेकांच्या इतकं जवळ कसं आलं, याचा आख्खा इतिहास त्या डब्यात आहे. आणि आजीची ती हुंगायची सवय आपण कधी सोडली, हा आजच्या भागाचा प्रश्न आहे.

तेल आपल्याकडे आलं कसं

शंभर-दीडशे वर्षांपूर्वी वऱ्हाडात दिवा पेटायचा तो करडई, जवस असल्या तेलावर. हे तेल सांडलं तर नुकसान पैशाचं. विहिरीत दोन थेंब पडले तरी कोणाचं पोट बिघडणार नव्हतं.

मग रेल्वे आली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा भुसावळहून निघालेला रस्ता मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा आपल्या जिल्ह्यातून गेला आणि 1867 मध्ये नागपूरला पोचला. खामगावची कापसाची बाजारपेठ इतकी मोठी होती, की 1870 मध्ये जलंब ते खामगाव असा खास फाटा काढला गेला. कापूस मुंबईकडे जायचा, आणि परतीच्या वाटेवर मुंबई बंदरात उतरलेला माल आत यायचा. त्या मालात एक नवी वस्तू होती: खडकातून निघालेलं तेल. इंग्रजीत त्याला 'रॉक ऑइल' म्हणत, आपण त्याचं 'रॉकेल' केलं.

सुरुवातीला हे तेल अमेरिकेतून पत्र्याच्या डब्यांत भरून यायचं. दोन डबे एका लाकडी खोक्यात, एका डब्यात चार गॅलन, म्हणजे साधारण 18 लिटर. 1892 मध्ये 'म्युरेक्स' नावाचं तेलवाहू जहाज सुएझ कालव्यातून पूर्वेकडे गेलं आणि तेव्हापासून तेल टाक्या भरभरून यायला लागलं. बंदरात मोठ्या टाक्या उभ्या राहिल्या, डबे इकडेच भरले जाऊ लागले. रॉकेल स्वस्त झालं, खेड्यापाड्यात चिमण्या आणि कंदील पेटले. आणि रिकामा डबा? तो कोणी टाकला नाही. त्याचं धान्य मोजायचं माप झालं, छपराचा पत्रा झाला, आणि सगळ्यात जास्त वेळा पाण्याचा डबा झाला.

आता यातली एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. डब्यातलं तेल डोळ्यांसमोर असायचं. डबा गळला तर ओट्यावर डाग दिसायचा, घरभर वास सुटायचा, आणि गळून गळून गळणार किती, तर 18 लिटर. घरात पैशाची चणचण, त्यामुळे एक थेंब वाया गेला तरी आरडाओरडा. गळती शोधायला कुठल्या यंत्राची गरज नव्हती.

मोट गेली, इंजिन आलं

दुसरा टप्पा शेतातला. आपल्याकडे विहिरीवर मोट चालायची. बैल धावेवरून खाली जायचे, मोट वर यायची, थारोळ्यात पाणी पडायचं. मग तेलावर चालणारी इंजिनं आली. साताऱ्यात कूपर, पुण्यात 1946 मध्ये सुरू झालेली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स: ही नावं तुमच्या आजोबांना विचारा, हँडल मारून इंजिन सुरू करायची नक्कल ते लगेच करून दाखवतील.

इंजिनानं खूप काही दिलं. बैलांचे हाल कमी झाले, पाण्याच्या पाळ्या वाढल्या, रब्बी हाताशी आली. पण एक बदल कोणाच्या ध्यानात आला नाही. इंजिन विहिरीच्या काठावर बसवावं लागतं. विहीर खोल असेल तर आत, कपारीत ओटा करून बसवतात. आणि जिथे इंजिन तिथे डिझेल. म्हणजे 200 लिटरचा ड्रम, ओतायला नरसाळं, खाली तेलकट चिंध्या, बदललेलं काळं ऑइल भरून ठेवलेली कॅन, हे सगळं विहिरीपासून चार पावलांवर येऊन बसलं. त्याच विहिरीवर शेतातले मजूर दुपारी पाणी प्यायचे. बऱ्याच ठिकाणी आजही पितात.

तिसरा टप्पा गावातला. रेशन दुकानात निळं रॉकेल ड्रममधून यायला लागलं. हायवेवर पेट्रोल पंप झाले. मलकापूर, नांदुरा, खामगाव ही गावं तर जुन्या सहा नंबरच्या हायवेवरच आहेत. पंपावर तेल साठतं कुठे? जमिनीखाली. आगीच्या दृष्टीनं ते शहाणपणाचं आहे. उन्हानं टाकी तापत नाही, गाडी धडकत नाही. पण त्या दिवशी तेल डोळ्यांआड गेलं.

आणि चौथा टप्पा तुमच्या खिशातला आहे. मोबाइल टॉवर. वीज गेली तरी रेंज जाऊ नये म्हणून टॉवरखाली जनरेटर असतो आणि जनरेटरला डिझेलची टाकी. देशभर हे डिझेल इतकं जळायला लागलं, की 2012 मध्ये दूरसंचार विभागानं ग्रामीण भागातले किमान निम्मे टॉवर 2015 पर्यंत सौर किंवा तत्सम ऊर्जेच्या जोडीनं चालवायला सांगितले. हेतू डिझेल आणि धूर कमी करायचा होता. पण जनरेटर टॉवरखाली असो, दवाखान्याच्या मागे असो, मंगल कार्यालयात असो की पाणीपुरवठ्याच्या पंपघरात, त्याच्या टाकीखालची माती कोण बघतं?

इथे गोडं पाणी म्हणजे काय

बाहेरगावच्या श्रोत्यांसाठी थोडं सांगतो. बुलडाणा जिल्हा दोन मजली आहे. वर घाटावरचा भाग: बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार. खाली घाटाखालचा भाग, म्हणजे पूर्णेचं खोरं. या खोऱ्यात शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या तालुक्यांतल्या कित्येक गावांत जमिनीखाली पाणी आहे, पण ते खारं. हाच खारपाणपट्टा. तो पुढे अकोला-अमरावतीपर्यंत जातो. इथल्या पाण्याचा आणि मूत्रपिंडाच्या आजारांचा विषय तुम्ही बातम्यांत वाचत असालच. म्हणून तर जळगाव जामोद आणि संग्रामपूरसाठी वान धरणावरून 140 गाव पाणीपुरवठा योजना आणावी लागली.

अशा मुलखात गोड्या पाण्याची एक विहीर म्हणजे काय, ते पुण्या-मुंबईच्या माणसाला सांगून कळत नाही. शेगावच्या गजानन महाराजांची आकोलीच्या शिवारातली कथा इथे लहान पोरालाही पाठ आहे: तहानलेल्या महाराजांना पाणी नाकारलं गेलं आणि मग कोरड्या विहिरीला झरे फुटले. माणसं चमत्काराची गोष्ट जपतात तेव्हा त्यात त्यांची सगळ्यात मोठी गरज दडलेली असते. इथे ती गरज गोडं पाणी.

म्हणून इंधनगळतीचा प्रश्न इथे वेगळा आहे. दुसरीकडे एक विहीर खराब झाली तर माणूस शेजारच्या विहिरीवर जाईल. इथे शेजारची विहीर खारी आहे.

एक थेंब, आणि मग हिशोब

आता जरा गणित. घाबरू नका, सोपं आहे.

ड्रमच्या तोटीतून सेकंदाला एक थेंब डिझेल गळतंय असं धरा. दिवसाचे 86,400 थेंब. एक मिलिलिटरला तीसेक थेंब धरले तर दिवसाला जवळपास तीन लिटर. हे नुसतं थेंब थेंब, धार नाही.

भारतीय मानकानुसार, म्हणजे आयएस 10500 प्रमाणे, पिण्याच्या पाण्यात खनिज तेल एका लिटरला जास्तीत जास्त 0.5 मिलिग्रॅम चालतं. एक लिटर डिझेलचं वजन 840 ग्रॅमच्या आसपास. भागाकार करा. एक लिटर डिझेल सोळा लाखांहून जास्त लिटर पाणी त्या मर्यादेपर्यंत नेऊ शकतं. सहा मीटर व्यासाच्या विहिरीत पाच मीटर पाणी असेल तर ते भरतं साधारण 1 लाख 40 हजार लिटर. म्हणजे कागदावर एक लिटर डिझेल अशा अकरा-बारा विहिरींना पुरतं.

कागदावर म्हणतो, कारण डिझेल पाण्यात पूर्ण मिसळत नाही. ते तरंगतं. पण त्यानं दिलासा मिळत नाही. तेलातले काही घटक, विशेषतः पेट्रोलमधलं बेंझिन, पाण्यात थोडे थोडे विरघळत राहतात, आणि बेंझिन हे कॅन्सरला कारण ठरणारं रसायन आहे. वर तरंगणारा थर भूजलाच्या पातळीबरोबर खाली-वर होतो. पावसाळ्यात पाणी चढलं की तेल वरच्या मातीला माखतं, उन्हाळ्यात पाणी उतरलं की खालच्या थराला. पुढच्या पावसात तीच माखलेली माती पुन्हा तेल सोडते. गळती बंद झाली तरी पाणी लगेच सुधारत नाही, ते यामुळे.

आणि आपली जमीन? काळी माती एप्रिल-मे महिन्यात भेगाळते, हात जाईल एवढ्या भेगा पडतात. त्या भेगांतून सांडलेलं तेल झपकन खाली जातं. घाटावर खाली बेसाल्टचा खडक, त्यालाही फटी. तेल कुठल्या फटीतून कुठल्या विहिरीत निघेल, ते वरून सांगता येत नाही.

कायद्याला आगीची भीती होती

मग कायदा काय करत होता? कायदा होता, आणि चांगला होता. पण तो दुसऱ्या भीतीतून जन्मला होता.

1934 चा पेट्रोलियम कायदा इंधनाचे वर्ग पाडतो ते कशावरून, तर किती तापमानाला त्याची वाफ पेट घेते यावरून. 23 अंशांच्या खाली पेटणारं 'अ' वर्गात, म्हणजे पेट्रोल. त्याच्या वर पण 65 अंशांच्या खाली ते 'ब' वर्गात, म्हणजे रॉकेल आणि डिझेल. सगळा विचार आगीचा आणि स्फोटाचा. त्यामुळे 'ब' वर्गाला सवलत मिळाली: एका जागी एकूण 2,500 लिटरपर्यंत साठा असेल आणि एकही भांडं 1,000 लिटरपेक्षा मोठं नसेल, तर परवाना लागत नाही. आगीच्या दृष्टीनं हे रास्त असेल. पण विहिरीच्या दृष्टीनं बघा. काठावरचा 200 लिटरचा ड्रम या सवलतीत आरामात बसतो. परवाना नाही, म्हणजे तपासणीला येणारंही कोणी नाही.

दुसरीकडे पाण्याचे कायदे झाले. 1974 चा जलप्रदूषण कायदा आला. महाराष्ट्रानं 1993 मध्ये पिण्याच्या पाण्यासाठी भूजल कायदा केला. सार्वजनिक पाणी स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर घ्यायची तर परवानगी लागेल, असं त्यात ठरलं. ही भीती पाणी आटायची होती. 1972 चा दुष्काळ पाहिलेल्या राज्याची ती भीती, आणि ती खरीच होती. म्हणजे एक कायदा आगीला भ्यायला, दुसरा कोरडेपणाला.

हे अंतर अलीकडे थोडं मिटतंय. 2020 च्या जानेवारीत केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं नव्या पेट्रोल पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. शाळा, दवाखाने आणि वस्तीपासून 50 मीटर अंतर, आणि जागाच नसेल तर जादा सुरक्षा घेऊन किमान 30 मीटर. जमिनीखालच्या टाक्यांची गळती रोखणं आणि ओळखणं हाही त्यांचा भाग आहे. पण हे पंपांसाठी. शेतातला ड्रम, टॉवरची टाकी, पंपघरातला जनरेटर, यांच्यावर डोळा ठेवायचा तो गावानंच.

गोव्यात आणि हवाईत नाकानं सांगितलं

"आपल्याकडे असं कुठे होतं?" असं कोणी विचारेल. फार लांब जायला नको. जानेवारी 2024, गोवा, वास्कोजवळचं दाबोळी. तिथल्या विहिरींत आणि ओहोळात पेट्रोलियम इंधन आलं, वास सुटला, एका विहिरीनं तर पेट घेतला. संशय गेला तो जमिनीखालून जाणाऱ्या इंधनाच्या पाइपलाइनवर. पाण्याची विहीर पेटते, हे वाक्य पुन्हा एकदा वाचा.

मोठी गोष्ट हवाईची. दुसऱ्या महायुद्धात, 1940 ते 1943 दरम्यान, अमेरिकी नौदलानं होनोलुलूजवळ रेड हिल नावाच्या डोंगराच्या पोटात 20 प्रचंड टाक्या बांधल्या. शत्रूच्या विमानांना दिसू नये म्हणून जमिनीखाली. एकेका टाकीत पावणेपाच कोटी लिटरच्या आसपास इंधन मावायचं. आणि टाक्यांच्या तळापासून साधारण 100 फुटांवर शहराला पाणी देणारा भूजलसाठा. 2014 मध्ये एक टाकी गळली, तेव्हा वाद झाला, पण टाक्या चालू राहिल्या. नोव्हेंबर 2021 मध्ये पुन्हा इंधन सांडलं आणि या वेळी ते पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत गेलं. त्या पाण्यावर सुमारे 93,000 लोक अवलंबून होते. नळाच्या पाण्याला इंधनाचा वास येतोय अशी तक्रार घरांतल्या लोकांनीच केली. पाणी असुरक्षित असल्याचं काही दिसत नाही, असं नौदल सुरुवातीला म्हणत होतं. शेवटी मार्च 2022 मध्ये टाक्या कायमच्या बंद करायचा निर्णय झाला.

अमेरिकेनं जमिनीखालच्या टाक्यांसाठी कायदा 1984 मध्येच केला होता, नियम 1988 मध्ये आले, आणि जुन्या टाक्या बदलायला 1998 पर्यंत मुदत दिली होती. तिथे आजवर अशा टाक्यांच्या पाच लाखांहून जास्त गळत्या नोंदल्या गेल्या आहेत. नोंदल्या गेल्या, हा शब्द महत्त्वाचा. कोणीतरी बघायला लागलं म्हणून त्या सापडल्या.

मग आपण काय करायचं

इतिहासाचा भाग असला तरी इथे थांबलो तर तुम्ही मला शिव्या घालाल. तर ऐका.

ड्रम विहिरीपासून लांब न्या, आणि उताराच्या खालच्या अंगाला ठेवा, म्हणजे सांडलं तरी विहिरीकडे वाहणार नाही. ड्रम थेट मातीवर ठेवू नका. विटांवर उचलून ठेवा, खाली पत्र्याची कडा असलेली परात किंवा सिमेंटचा हौद करा, ज्यात आख्खा ड्रम रिकामा झाला तरी मावेल. वर छप्पर, नाहीतर पावसानं हौदच भरायचा. पट्टी बुडवून आठवड्याला साठा मोजा आणि भिंतीवर खडूनं आकडा लिहा. खर्च आणि आकडा जुळत नसेल तर तेल कुठेतरी जातंय. काळं ऑइल बांधावर ओतू नका.

पाण्यावर रंगीत तवंग दिसला तर काडीनं हलवा. गंजाच्या पाण्यावरचा पापुद्रा काचेसारखा तुटतो आणि तुटलेलाच राहतो. तेलाचा तवंग पुन्हा जुळतो. वास आला तर पंप बंद करा, त्या पाण्याचा वापर थांबवा, काडी किंवा विडी पेटवू नका, विहिरीत उतरू नका. ते पाणी उकळून, तुरटी फिरवून किंवा ब्लीचिंग पावडर टाकून पिण्याजोगं होत नाही. ग्रामपंचायत आणि जलसुरक्षकाला कळवा, नमुना प्रयोगशाळेत पाठवायला सांगा आणि "तेलासाठी तपासा" असं स्पष्ट सांगा, कारण गावातल्या नेहमीच्या तपासणी संचात क्षार, नायट्रेट, क्लोरीन असं काय काय कळतं, पण तेल कळत नाही.

आणि ग्रामसभेत एक प्रश्न विचारा: आपल्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीच्या आजूबाजूला तेल कुठे कुठे साठवलंय? हातात फोन आहेच. फिरा, फोटो काढा, नकाशावर टिंबं मारा. एका दुपारचं काम आहे.

परवा जुन्या घरी गेलो होतो. तो डबा आता नाही, गंजून गेला. मळ्यातल्या इंजिनाच्या खोलीत मात्र जुना ड्रम तसाच होता, विहिरीच्या काठापासून पाचेक पावलांवर, आणि त्याच्याखाली माती काळी पडलेली. इतकी वर्षं मी त्या खोलीत जातोय. इतकी वर्षं ती माती तिथेच होती. दोघा भावांनी ड्रम ढकलत बांधापलीकडे नेला, खालची माती पोत्यात भरून बाजूला झाकून ठेवली, आणि विहिरीतून एक बादली काढली. आजीची आठवण झाली. आधी हुंगून पाहिलं.

वास नव्हता. नमुना तरीही प्रयोगशाळेत दिलाय. निकाल आला की पुढच्या भागात सांगतो. तोवर तुमच्या विहिरीवर एक चक्कर मारा. राम राम.